दोन कॅथेड्रल आणि बाकीचे

डेव्हिड शेपर्ड हे नाव मला प्रथम धर्माच्या संदर्भात भेटले नाही, क्रिकेटच्या संदर्भात भेटले. आईच्या पणजोबांच्या भावांपैकी एक जण दुष्काळाच्या काळात ख्रिस्ती झाला. त्या शाखेतले आमचे एक आजोबा नगर जिल्ह्यात मिशन शाळेत मास्तर होते. आम्ही त्यांना मास्तरआजोबा म्हणत असू. बाकीची भावकी १९५६ नंतर बौद्ध झाली. १९५२ साली विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा आजोबा शाळकरी पोर होते. त्या दौऱ्यातील ओव्हलच्या कसोटीत शेपर्ड नावाच्या केंब्रिजच्या विद्यार्थ्याने ११९ धावा काढल्या, हे ते सांगत. पण त्यांचा जीव शेपर्डमध्ये नव्हता, हजाऱ्यांमध्ये होता. सांगलीचा मराठी ख्रिस्ती माणूस देशाचा कप्तान झाला, हे सांगताना ते सरळ होऊन बसत. मग हमखास दुसरी गोष्ट यायची. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे चार संघ, आणि या चारांत जे बसत नाहीत त्यांचा पाचवा. त्याचे नाव 'द रेस्ट'. म्हणजे बाकीचे! १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंच्या संघाविरुद्ध या बाकीच्यांनी दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या, त्यात ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. आजोबा म्हणत, "बाळा, आपण बाकीचे. पण मोजताना विसरता येणार नाहीत असे बाकीचे."

पुढे मी शिकलो, मास्तर झालो. पुण्यात रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तक हाती लागले. लेखक डेव्हिड शेपर्ड. तोच क्रिकेटवाला, आता लिव्हरपूलचा बिशप. पुस्तकाचे नाव 'बायस टू द पुअर', साल १९८३. नंतर त्याचेच, पण कॅथलिक आर्चबिशप डेरेक वॉरलॉक यांच्या जोडीने लिहिलेले 'बेटर टुगेदर' (१९८८) मिळवून वाचले. या दोन पुस्तकांविषयी आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शहराविषयी मला लिहायचे आहे. मी लिव्हरपूल पाहिलेले नाही. पण ज्याने मुंबई पाहिली नाही तोही गिरणी कामगारांविषयी बोलतोच ना? आणि हा विषय आपला नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याने शेवटपर्यंत वाचावे.

पहिल्या पुस्तकाच्या नावापाशीच मी अडलो. 'बायस' याला मराठीत काय म्हणाल? पक्षपात. आता हा शब्द आपल्याकडे कोण कोणाविरुद्ध वापरतो ते आठवा. राखीव जागा म्हणजे पक्षपात. शिष्यवृत्ती म्हणजे पक्षपात. माझ्या नेमणुकीच्या दिवशी स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हाच शब्द हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असा उच्चारला होता. आणि येथे एक बिशप म्हणतो की ईश्वर पक्षपाती आहे, गरिबांच्या बाजूने पक्षपाती आहे, आणि तो तसा नसेल तर तो न्यायी नाही. ईश्वर आहे की नाही हा वाद माझ्यापुरता केव्हाच संपला आहे. पण प्रस्थापितांच्या घरात वाढलेला, त्यांच्या शाळा-कॉलेजात शिकलेला माणूस 'तटस्थता' या शब्दाचे सोंग असे उघडे पाडतो, याचे मोल मी कमी लेखणार नाही. आपल्याकडचे मानवतावादी समीक्षक साहित्यात तटस्थता मागतात. त्यांना हे पुस्तक वाचायला द्यावे. मी तरी 'बायस'चे भाषांतर 'झुकते माप' असे करीन. वर्षानुवर्षे काटा मारलेल्या तराजूला सरळ करायचे तर माप एकदा झुकवावेच लागते.

शेपर्डचे हे बोलणे पुस्तकी नव्हते. १९६० साली दक्षिण आफ्रिकेचा गोऱ्यांचा संघ इंग्लंडमध्ये आला तेव्हा वर्णद्वेषाचा निषेध म्हणून त्याने त्यांच्याविरुद्ध खेळायला नकार दिला. १९६८ मध्ये बॅसिल डॉलिव्हेरा या मिश्रवर्णीय खेळाडूच्या प्रकरणात एम.सी.सी.च्या सभेत त्याने आपल्याच मंडळींविरुद्ध ठराव मांडला आणि तो हरला. नकार हा आपला शब्द आहे. तो दुसऱ्या कोणी वापरला तर आपण त्याची ओळख ठेवली पाहिजे.

आता शहर. लिव्हरपूलची श्रीमंती गुलामांच्या व्यापारावर उभी राहिली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतून माणसे भरून नेणाऱ्या ब्रिटिश जहाजांत सर्वांत मोठा वाटा या बंदराचा होता. नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक गेले, दुष्काळ पडला आणि एकट्या १८४७ साली सुमारे ३ लाख आयरिश माणसे या धक्क्यावर उतरली. कित्येक पुढे अमेरिकेला गेली. ज्यांच्याकडे भाड्याला पैसे नव्हते ती तेथेच राहिली. तळघरांत राहणारी, गोदीत राबणारी ही माणसे कॅथलिक. आधीपासूनचे कामगार प्रॉटेस्टंट. दोघेही उपाशी, आणि दोघांच्या हाती एकमेकांवर फेकायला दगड. १९०९ साली तेथे धर्मावरून मोठ्या दंगली झाल्या. मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाणार यावर डोकी फुटत. एकाच गोदीत घाम गाळणारे दोन कामगार धर्माच्या नावाने एकमेकांचे वैरी होतात आणि मालक निवांत झोपतो, हे चित्र आपल्याला परके नाही.

या शहरात एका रस्त्याच्या दोन टोकांना दोन कॅथेड्रल आहेत. रस्त्याचे नाव होप स्ट्रीट. अर्थ आशेचा रस्ता असा वाटतो, पण ते नाव होप आडनावाच्या एका व्यापाऱ्यावरून पडले आहे. एका टोकाला अँग्लिकन कॅथेड्रल, १९०४ मध्ये पायाभरणी झालेले आणि १९७८ मध्ये पुरे झालेले. दुसऱ्या टोकाला १९६७ चे कॅथलिक कॅथेड्रल. गंमत अशी की अँग्लिकनांच्या कॅथेड्रलचा वास्तुशिल्पकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हा कॅथलिक, आणि कॅथलिकांच्या कॅथेड्रलचा फ्रेडरिक गिबर्ड हा कॅथलिक नव्हे. दगडविटांचे काम देताना धर्म आड आला नाही. आपल्याकडेही देऊळ बांधणाऱ्या हातांची जात कोण विचारतो? विचारतात ते कळस चढल्यावर.

शेपर्ड १९७५ मध्ये या शहराचा बिशप झाला, वॉरलॉक १९७६ मध्ये आर्चबिशप. पुढची वीस वर्षे या दोघांनी ठरवून सार्वजनिक कामे बरोबरीने केली. मेथॉडिस्ट आणि इतर छोट्या चर्चचे पुढारीही त्यांच्यासोबत आले. लोक थट्टेने त्यांना 'फिश अँड चिप्स' म्हणत, कारण ते कायम जोडीने असत आणि वर्तमानपत्राबाहेर कधी नसत. विलायतेत तळलेली मासळी वर्तमानपत्रात बांधून देत, त्यावरचा हा विनोद. १९८२ मध्ये पोप आले तेव्हा ते दोन्ही कॅथेड्रलमध्ये गेले. ज्या शहरात पोपविरोधी घोषणा भिंतींवर लिहिल्या जात, त्या शहरात हे घडले. पेंटेकॉस्टच्या सणाला एका कॅथेड्रलपासून दुसऱ्यापर्यंत सर्वांनी मिळून चालत जाण्याची प्रथाही रुजली.

हे सारे उत्सवापुरते असते तर मी त्यावर शाई खर्च केली नसती. सहभोजने आपणही पाहिली आहेत. सवर्ण पुढारी वर्षातून एकदा वस्तीत येऊन जेवतो, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी पाणवठा होता तसाच राहतो. लिव्हरपूलमध्ये काळ कठीण होता. गोदी ओस पडली, कारखाने बंद झाले. १९८१ च्या जुलैत टॉक्स्टेथ भागात, म्हणजे 'लिव्हरपूल ८' या वस्तीत, पोलिसी जाचाविरुद्ध तेथील काळी तरुण पोरे आणि त्यांच्यासोबत गोरी बेकार पोरेही रस्त्यावर उतरली. पोलिसांनी अश्रुधूर वापरला. उत्तर आयर्लंड सोडले तर ब्रिटनमध्ये दंगल मोडण्यासाठी तो प्रथमच वापरला गेला. त्याच सुमारास सरकारातील अर्थमंत्री या शहरावर फार पैसा घालू नये, त्याला हळूहळू खंगू द्यावे अशा विचाराचा पुरस्कार करीत होता. ३० वर्षांनी, २०११ मध्ये, ते कागद उघड झाले. म्हणजे एक अख्खे शहर 'बाकीचे' ठरविण्याची तयारी चालली होती. अशा वेळी दोन धर्मगुरू मिळून शहराच्या बाजूने बोलले. शेपर्ड उपाध्यक्ष असलेल्या आयोगाचा 'फेथ इन द सिटी' हा अहवाल १९८५ मध्ये आला तेव्हा सरकारातील एका मंत्र्याने नाव न सांगता त्याला मार्क्सवादी ठरविले. शिवी ओळखीची वाटते ना?

त्यांच्या कामातील मला सर्वांत मोलाचा वाटतो तो व्हॉक्सहॉल भागातील एल्डोनियन लोकांचा लढा. जुनी घरे पाडून तेथील माणसांना शहरभर पांगवायचे ठरले होते. लोकांनी नकार दिला. आम्ही शेजारी आहोत, शेजारीच राहू, असे म्हणून त्यांनी स्वतःची गृहनिर्माण सहकारी संस्था काढली. १९८१ मध्ये बंद पडलेल्या टेट अँड लाइल कंपनीच्या साखर कारखान्याच्या जागेवर त्यांनी आपली वसाहत उभी केली. नगरपालिकेत डाव्यांचेच राज्य होते, पण त्यांनाही ही सहकारी घरे नको होती. दोघे धर्मगुरू या लोकांच्या मागे उभे राहिले. लक्षात घ्या, त्यांनी घरे बांधून 'दिली' नाहीत. लोकांनी मागितलेल्या हक्काला त्यांनी आपले वजन दिले.

सेवा आणि हक्क यांतला हा फरक दलितांना तरी समजावून सांगण्याची गरज नाही. सेवा घेणारा हात खाली असतो. मिशनने आमच्या माणसांना शाळा दिली, दवाखाना दिला. मास्तरआजोबांच्या हातातला खडू तेथूनच आला आणि तो उपकार नाकारणारा मी कृतघ्न ठरेन. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीविषयी लिहिलेले जे लेखन शासनाच्या ग्रंथमालेच्या ५ व्या खंडात १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातील त्यांची तक्रार येथेच बोट ठेवते. मिशनऱ्यांनी शिक्षण आणि औषध दिले, पण अस्पृश्याच्या अन्यायाविरुद्ध ते लढले नाहीत, आणि ख्रिस्ती झालेल्याची जातही सुटली नाही. एल्डोनियनांचा लढा वाचताना मला बाबासाहेबांची ही तक्रार सारखी आठवत होती.

आता या पुस्तकांच्या मर्यादेकडे येतो. 'बेटर टुगेदर' मधला 'आम्ही' कोण आहे? तो दोन बिशपांचा 'आम्ही' आहे. दोन्ही माणसे प्रामाणिक आहेत, स्वतःच्या चुका सांगतात, हे खरे. पण एकत्र येण्यासाठी आधी तुम्ही कोणीतरी मोजलेला पक्ष असावे लागते. कॅथलिक गरिबांना एक आर्चबिशप होता. प्रॉटेस्टंट गरिबांना एक बिशप होता. लिव्हरपूल ८ मधल्या काळ्यांना कोण होता? हा समाज काल आलेला नव्हता. युरोपातील सर्वांत जुन्या काळ्या वस्त्यांपैकी ती एक. १९१९ च्या जूनमध्ये गोऱ्यांच्या जमावाने चार्ल्स वूटन या काळ्या खलाशाचा गोदीपर्यंत पाठलाग केला आणि तो पाण्यात बुडून मेला, ते याच शहरात. म्हणजे होप स्ट्रीटवरच्या दोन टोकांचे भांडण जितके जुने, तितकेच हेही दुखणे जुने. पण एकोप्याच्या व्याख्येत ते आले नाही. ते 'प्रश्ना'च्या यादीत आले. दंगलीनंतर दोघे त्या वस्तीत गेले, तेथल्या लोकांचे ऐकले, त्यांची बाजू मांडली. हे मी विसरत नाही. तरीही १९८९ मध्ये लॉर्ड गिफर्ड यांच्या चौकशी अहवालाने या शहरातील वर्णद्वेषाचे जे भीषण चित्र मांडले, ते या भागीदारीच्या तेराव्या वर्षातले आहे. दोन भिंतींमधले दार उघडले, तेव्हा अंगणात उभा असलेला तिसरा माणूस अंगणातच होता. २००८ मध्ये होप स्ट्रीटवर या दोघांचे ब्राँझचे स्मारक बसविले. त्याला दोन दारांचा आकार दिला आहे. शिल्पकाराच्या मनात काय होते ते त्याला ठाऊक. मला मात्र ती दारे पाहून हाच प्रश्न पडतो.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. वीस वर्षे हे दोघे एकत्र चालले, एकत्र लिहिले, एकत्र रडले. १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरील दुर्घटनेत चेंगरून मेलेल्यांची संख्या पुढे ९७ पर्यंत गेली. त्या शोकात दोन्ही चर्चनी शहराला सावरले. पण प्रभुभोजनाच्या मेजावर मात्र ते एकत्र येऊ शकले नाहीत. कॅथलिक नियमाप्रमाणे अँग्लिकन बिशपला त्या मेजावरची भाकर घेता येत नाही. १९९६ मध्ये वॉरलॉक वारले तोपर्यंत हेच. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांचा रोटीव्यवहार नव्हता, पण कामाचा व्यवहार होता.

आणि आपल्याकडे? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्माला आले. अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरा एका मेजाशी बसल्या. बोलणी १९२९ पासून चालली होती. बाप्तिस्मा बालपणी द्यावा की जाणतेपणी, बिशप असावा की नसावा, याचा कीस चाळीस वर्षे काढला. जगातील चर्चना जमले नाही ते येथे जमले, याचे कौतुक झालेच पाहिजे. पण ही भांडणे मुळात कोणाची? आजोबांच्या गावात मिशनची दोन चर्च होती, एक अमेरिकन मिशनचे, एक विलायती. दोन्ही महारवाड्यातल्या माणसांची. एका भावाने या चर्चमध्ये जायचे, दुसऱ्याने त्या. हे भांडण बोटीतून आले होते आणि १९७० मध्ये मिटले. पण जे भांडण बोटीतून आले नव्हते, या मातीतच उगवले होते, त्याचे काय? महारांतून आलेला ख्रिस्ती आणि मांगांतून आलेला ख्रिस्ती एका मेजावर भाकर घेतो आणि मुलीसाठी स्थळ पाहायला आपापल्या दिशेने जातो. आजोबांनी स्वतः हेच केले. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "अरे, मेज चर्चचं असतं. पोरगी घरची असते." बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवले होते की सहभोजनाने जात मरत नाही, तिच्यावरचा खरा उपाय मिश्रविवाह, आणि त्याहून आधी ज्या शास्त्रांनी जातीला पावित्र्य दिले त्यांचा अधिकार नाकारणे. लिव्हरपूलला एक मेज मिळाले नाही पण एक लढा मिळाला. आमच्या ख्रिस्ती भावंडांना एक मेज मिळाले. लढा त्यांना फार उशिरा मिळाला. १९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये शूद्रांच्या बाजूने धर्मशास्त्र मांडण्याची भाषा केली. त्यातून पुढे दलित धर्मशास्त्र उभे राहिले. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे धोरणपत्रात कबूल केले ते २०१६ मध्ये.

पण ख्रिस्त्यांवर बोट रोखून मी मोकळा होणार नाही. उरलेली बोटे आपल्याकडे आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दाखला फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. आपला, म्हणजे बौद्धांचा, समावेश व्हायला १९९० उजाडले. तोपर्यंत महाराष्ट्रात राज्याच्या सवलती होत्या, पण दिल्लीचे दार बंद होते. ते उघडावे म्हणून आपण रस्त्यावर उतरलो. उघडल्यावर आत आलो. मागे कोण राहिले हे वळून पाहिले का? मास्तरआजोबांचा नातू आणि मी एकाच भावकीचे, एकाच आळीत वाढलो. मला दाखला आहे, त्याला नाही. त्याला गावात जातीवरून शिवी दिली, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या कामाचा नाही. शिवी देणारा मात्र आधी धर्म विचारून शिवी देत नाही. त्याच्या प्रकरणात ठाण्यातल्या अंमलदाराने त्याला सांगितले, "तुम्ही त्यात बसत नाही." पंचरंगी सामन्यांतला पाचवा संघ मला त्या दिवशी आठवला.

आपल्या साहित्याच्या चर्चेतही तेच आहे. दलित साहित्य म्हणजे कोणाचे, यावर आपण किती अंक खर्च केले! ख्रिस्ती दलिताच्या वेदनेला त्यात किती पाने मिळाली? आपण म्हणतो, त्यांनी धर्म निवडला, आता भोगावे. हे बोलणे कोणाचे आहे? आपण १९५६ नंतर हेच ऐकले होते.

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासमंडळात मी ठराव मांडला की ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळावा या मागणीला मंडळाने जाहीर पाठिंबा द्यावा. अडीच तास वाद झाला. एक जण म्हणाले, आधी त्यांनी बौद्ध व्हावे. दुसरे म्हणाले, आपल्या वाट्यातले कमी होईल. हा दुसरा आक्षेप निदान प्रामाणिक आहे. आकडे घेऊन त्यावर बोलता येईल, वाटा वाढवून मागता येईल. पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र मला शेपर्डच्या पुस्तकात सापडले नाही आणि धम्मातही सापडले नाही. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब आहे. त्या बैठकीला मी आजोबांच्या नातवालाही बोलावले आहे. तो येईन म्हणाला आहे. मात्र त्याने मला विचारले, "दादा, मी तिथं कोण म्हणून बसायचं?"